दुसऱ्या लिफाफ्यातली ओळ

माझी मुलगी सरोजिनी चौदा वर्षं सरकारसाठी वस्तू विकत घेत होती. खुर्च्या, पडदे, प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या, लाटांची उंची मोजायची यंत्रं, एकदा तर चार ट्रक वाळू. समुद्राकाठच्या मुंबईत वाळू विकत घेतात म्हणून मी हसले, तर तिला राग आला. “चाळलेली वाळू आहे आई, एकसारख्या दाण्याची. तीन जणांचे दर मागवलेत,” असं तिनं मला ऐकवलं. ती ज्या सरकारी संस्थेत आहे तिथं बंदरांचा अभ्यास चालतो. धक्का कुठं बांधावा, त्याला लाटांचा मार किती बसेल, गाळ कुठं साठेल, असले प्रश्न. सरू त्यातली शास्त्रज्ञ नाही. ती बी.कॉम. आहे आणि खरेदी विभागात आहे. म्हणजे मार्चअखेरपर्यंत होती. आता तिला जुन्या फायलींच्या खोलीत बसवलंय. ती तिथं कशी गेली ते मला लिहायचंय, कारण त्यातला थोडा भाग माझ्या हातून घडला आणि तो कुठल्याच फायलीत नाही.

सरूचा जन्म गिरगावातला, माझ्या माहेरचा, पंचाहत्तर सालचा. वाढली मात्र परळच्या चाळीत. तिचे वडील रमाकांत गिरणीच्या स्टोअरमध्ये कारकून होते. मी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. लग्न ठरलं तेव्हा माझ्या काकांनी विचारलं होतं, “स्टोअरमधला म्हणजे बाबू की कामगार?” त्याचं उत्तर ब्याऐंशीच्या संपात मिळालं. दोन्ही नाही. कामगार संपावर, आणि स्टाफनं मात्र हजर राहायचं असा मालकाचा हुकूम. हे मागच्या दारानं आत जात आणि संध्याकाळी मान खाली घालून चाळीत शिरत. नळावर सखुबाई माझी कळशी बाजूला सारून म्हणायची, “स्टाफच्या बायकांना कसली घाई? त्यांचा पगार चालूय.” तिचा नवरा धर्मा साचेखात्यात, मागांवर होता, आठ महिने घरी बसलेला. मी कळशी उचलून रांगेत मागं जायचे.

संपाच्या दुसऱ्या वर्षी गिरणीतलं सामान भंगार म्हणून बाहेर निघायला लागलं. ट्रक भरला की स्टोअरच्या कारकुनानं यादीवर सही करायची. एके दिवशी यादीत यंत्रांच्या पन्नास मोटारी होत्या आणि ट्रकमध्ये बावन्न. ह्यांनी सही केली नाही. दोन मोटारी उतरवा, नाहीतर यादीत बावन्न लिहा, एवढंच त्यांचं म्हणणं. ते काही मालकाविरुद्ध उभे राहिले नव्हते. पन्नासच असत्या तर मुकाट सही केली असती. पंधरा दिवसांत त्यांना घरी बसवलं. संपवाल्यांना ते मालकाचे वाटत आणि मालकाला संपवाल्यांचे, त्यामुळे कुणी विचारायलाही आलं नाही. दादरला एका हार्डवेअरच्या दुकानात दिवसभर उभं राहून त्यांनी पुढची वर्षं काढली. मी एका शाळेच्या कचेरीत लागले. शहाण्णव साली ते गेले. ‘दोन मोटारींपायी आपलं घर बसलं’ हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन त्याला गणती नाही, आणि बहुतेक वेळा सरू तिथंच बसून भाजी निवडत असायची.

म्हणून अठ्ठ्याण्णव साली तिला सरकारी नोकरी लागली तेव्हा मी चाळीत पेढे वाटले, सखुबाईला दोन जास्त दिले.

सरू म्हणजे उंच, काटकुळी, जाड भिंगांचा चष्मा. हातात येईल ते छापील वाचणारी. औषधाच्या खोक्यावरची बारीक अक्षरं, बसच्या तिकिटामागचे नियम, लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांची सगळी नावं. एका स्थळाकडच्या लोकांनी दिलेला मुलाचा बायोडाटा वाचून तिनं पाहण्याच्या कार्यक्रमातच विचारलं, “बी.ई. चार वर्षांचं असतं ना? तुम्हाला सहा कशी लागली?” ते लोक पोहे अर्धे टाकून उठले. पुढे स्थळं येईनाशी झाली आणि तिलाही त्याचं फारसं काही वाटलं नाही. तिला काम आवडायचं. ते तिला शिकवलं चिंतामणी साहेबांनी, खरेदी विभागाच्या प्रमुखांनी. दादरला राहतात. पहिल्या वर्षी सरूनं टिपण लिहिलं की साहेब लाल पेन्सिलीनं निम्मं खोडायचे आणि म्हणायचे, “सरोजिनी, फाईल ही उद्या तुझ्या विरोधात उभ्या राहणाऱ्या माणसासाठी लिहायची.” घरी येऊन ती मला त्यांची नक्कल करून दाखवायची.

दोन हजार अकरा साली संस्थेत महासंगणक आला. थंडगार खोलीत कपाटांच्या रांगा उभ्या केलेल्या. कुणी नारळ फोडायचा यावर वाद झाला आणि शेवटी तो फोडला हेरंबनं. हेरंब त्या यंत्राचा शास्त्रज्ञ, एकतीस वर्षांचा, लालबागचा. गणपतीत जन्मला म्हणून हेरंब. त्याचे वडील लवकर गेले. आई रखमाबाई लालबागच्या मसाल्याच्या डंकावर काम करते आणि तिनंच त्याला डॉक्टरेटपर्यंत शिकवलं. मी वर्षाचा मसाला त्याच डंकावर कुटून घेते, म्हणून ओळख. हेरंबची नोकरी मात्र कंत्राटी, दर एप्रिलला नवी करायची.

यंत्र आलं, पण नुसत्या यंत्राचा उपयोग नव्हता. लाटा कशा आपटतात, भिंत कुठं तडकते, हे आकड्यांत घडवून दाखवणारं सॉफ्टवेअर लागतं, आणि ते यंत्राइतकंच महाग. हेरंबनं मागणीपत्र भरलं. सरकारी मागणीपत्रात एक रकाना असतो, ‘नग’. खुर्ची असो, वाळू असो, तो भरल्याशिवाय कागद पुढं सरकत नाही. सॉफ्टवेअर किती पाहिजे? एक. हेरंबनं ‘१ नग’ लिहिलं. साहेबांनी बघितलं, सरूनं बघितलं, कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही.

मग निविदा निघाली. त्यात प्रत्येक कंपनी दोन लिफाफे देते. पहिल्यात वस्तू कशी आहे ते. तो शास्त्रज्ञांची समिती उघडते. दुसऱ्यात दर, तो खरेदी विभाग उघडतो. दर पाहून समितीचं मन फिरू नये म्हणून दुसरा लिफाफा त्यांना दाखवायचाच नाही, असा नियम. चांगलाच नियम आहे. दोन कंपन्या पात्र ठरल्या. सरूनं दरांचा तुलनातक्ता केला, एका ओळीत दोघींचा ‘१ नग’. एकीचा दर दुसरीच्या एक तृतीयांश होता. कमी दरवालीला काम गेलं. सगळं नियमाप्रमाणं.

यंदा, दोन हजार बारा साली, गुढीपाडवा शुक्रवारी होता, तेवीस मार्चला. श्रीखंड वाढलं तर सरूनं वाटी तशीच ठेवली. संध्याकाळी गुढी उतरवताना ती म्हणाली, “आई, माझ्या हातून एक चूक झालीय.”

मला आधी वाटलं, कुणाचे पैसेबिसे.

“तसलं नाही गं. ते सॉफ्टवेअर. मंगळवारी हेरंबनं चालू करून बघितलं. यंत्रात एक हजार चोवीस कोअर आहेत.”

“कोअर म्हणजे?”

“कामगार समज. एक हजार चोवीस कामगार एकाच वेळी एकच गणित करतात, म्हणून तो महासंगणक. आपण घेतलेल्या सॉफ्टवेअरनं पास फक्त सोळा जणांना दिलाय.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे बसून आहेत. दोन दिवसांचं गणित चार महिने चालणार.”

“म्हणजे कंपनीनं फसवलं?”

“कुठं फसवलं? पहिल्या लिफाफ्यात त्यांनी लिहिलंय, हे सॉफ्टवेअर कितीही कोअरवर चालू शकतं. खरं आहे. परवाना घेतला तर चालतं. दुसऱ्या लिफाफ्यात दराच्या खाली एक ओळ आहे, ‘दर सोळा कोअरच्या परवान्याचा’. तेही खरं आहे. दुसऱ्या कंपनीनं सगळ्या कोअरचा दर दिला म्हणून ती महाग पडली. शास्त्रज्ञांनी दुसरा लिफाफा बघितला नाही, आणि आम्हाला कोअर म्हणजे काय ते ठाऊक नाही.”

“मग यात तुझी काय चूक?”

तिनं गुढीवरची साखरेची माळ काढून ताटात ठेवली. “मी ती ओळ वाचली होती. तक्ता करताना. मला वाटलं, टेक्निकल काहीतरी आहे, समितीनं बघितलं असेल.”

बसच्या तिकिटामागचं वाचणारी मुलगी माझी.

पैसे अजून कंपनीला गेले नव्हते. ते एकतीस मार्चच्या आत गेले नाहीत तर मंजूर रक्कम सरकारजमा होते आणि पुन्हा वर्षभर भीक मागावी लागते. सरूनं फाईलवर स्वतःची चूक लिहिली तर बिल थांबत होतं. नाही लिहिली तर बिल जाणार आणि पुढच्या वर्षी त्याच कंपनीकडून उरलेल्या कोअरचे परवाने ती म्हणेल त्या किमतीला घ्यावे लागणार, कारण दुसरं कुणी ते विकूच शकत नाही. चिंतामणी साहेबांचं म्हणणं पडलं की असंच करावं. “पुढच्या वर्षी ‘वाढीव परवाने’ म्हणून घेऊ. कुणाला कळतसुद्धा नाही.” साहेब एप्रिलअखेर निवृत्त होत होते. चौकशी लागली तर त्यांची ग्रॅच्युइटी अडकणार. सरूची बढतीही त्याच महिन्यात होती.

“मग गप्प बस,” मी म्हणाले.

“आई.”

“आई काय? साहेब सांगतायत ना? तुझ्या बापानं दोन मोटारींसाठी काय मिळवलं?”

“त्यांचं कशाला काढतेस?” पण तिचाही आवाज पडला होता. मग म्हणाली, “बघू. आज ना उद्या ऑडिटला दिसेलच. आलंच तर माझ्यावरच येईल, तक्ता माझा आहे.” तिनं स्वतःची तशी समजूत घातली होती. उद्या निस्तरायची तयारी होती, म्हणून आज गप्प राहणं तिला जमत होतं.

मला मात्र ‘आलंच तर माझ्यावर’ हे ऐकवेना. पाडव्यानंतरच्या मंगळवारी ती कामावर असताना मी चिवड्याचा डबा घेतला आणि दादरला साहेबांच्या घरी गेले. पाय मुरगळला म्हणून ते दोन दिवस घरीच आहेत, एवढं सरूच्या बोलण्यात आलं होतं. तिला मी विचारलं नाही.

साहेबांच्या पत्नीनं, कमलवहिनींनी, दार उघडलं. साहेब स्टुलावर पाय ठेवून बसले होते. मला पाहून उठायला गेले. “अहो बसा, बसा,” म्हणून मीच त्यांना बसवलं.

“सरोजिनीनं पाठवलं का?”

“नाही. तिला ठाऊकसुद्धा नाही. साहेब, मी विधवा बाई. घर तिच्या पगारावर आहे. तिचं काही होणार नाही ना?”

“वहिनी, पोरीसारखी आहे ती मला. तिला एकच सांगितलंय, लिहू नकोस. तिचा हात लिहायला फार शिवशिवतो.”

“तुम्हीच लावलीत ना सवय,” कमलवहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

साहेब हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “अगदी निश्चिंत राहा. उद्या ऑडिटनं विचारलंच तर त्याचीही सोय केलीय. हेरंबकडून पत्र लिहून घेतलंय की सध्याच्या कामाला सोळा कोअर पुरेत. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. बिल पास झालं की फायलीला लावीन. मागणी त्याची, ताबा त्याचा, पत्र त्याचं. तक्त्याकडे कोण बघतंय?”

“पण त्यानं दिलं कसं असं लिहून?”

“एप्रिलला त्याचं कंत्राट आहे.” साहेबांनी पाय स्टुलावर नीट केला. “तरुण आहे. उद्या काही झालं तर बाहेर दहा नोकऱ्या मिळतील त्याला. सरोजिनीला ह्या वयात कोण घेणार? तिला मात्र यातलं बोलू नका. उगाच डोक्यात घेईल.”

ते दुष्ट बोलत नव्हते. माझी काळजी त्यांना दिसत होती आणि त्या काळजीवर ते औषध देत होते. आणि खरं लिहायचं तर मला औषध लागू पडलं. कोकम सरबत प्याले, चिवड्याची कृती सांगितली, आणि हलकी होऊन परळपर्यंत चालत आले. सरू आल्यावर तिला भाकरी वाढली. दादरला गेल्याचं सांगितलं नाही, पत्राचंही नाही. सांगितलं असतं तर ती त्याच रात्री कागद घेऊन बसली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी मी लालबागला मिरच्या बघायला गेले. खरं तर अजून घाई नव्हती, एप्रिलात गेले असते तरी चाललं असतं. का गेले कुणास ठाऊक. डंकावर रखमाबाई तोंडाला फडकं बांधून उभी होती. मला पाहून फडकं खाली केलं.

“या या, सरूताईच्या आई! औंदा लवकर आलासा? बेडगी आलीय बघा, रंग बघा काय तो.”

मी म्हणाले, “नुसता भाव विचारायला आले.”

“भाव तुमच्यासाठी कसला?” तिनं माझा हात धरून मला आवाजापासून बाजूला नेलं. “एक सांगू का? हेरंबचं कागद व्हायचेत नवे, येत्या आठवड्यात. आठ दिस झालं, पोरगं जेवत नाही धड. बायकोवर खेकसतंय. विचारलं तर म्हणतं, साहेबांनी काहीतरी लिहून घेतलंय, तुला कळायचं नाही. मला नाय कळत वो, मी मिरच्या कुटणारी. तुमची सरूताई आत असते. ती असताना माझ्या पोराचं वाईट होणार नाही ना?”

तीन दिवसांपूर्वी दादरला मीही असंच विचारलं होतं. तिला मी म्हणाले, “नाही होणार.” काय म्हणणार? तिनं कागदाच्या पुडीत मूठभर दगडफूल बांधलं आणि पैसे घेतले नाहीत.

तरीही मी शुक्रवारी रात्री सरूला सांगितलं नाही. हे मला लपवायचं नाही. मी ठरवलं होतं की उद्या एकतीस तारीख, संध्याकाळ झाली की बिल गेलेलं असेल, मग सांगायला काही उरणारच नाही.

शनिवारी सकाळी तिचा डबा भरला. ती गेली. मी दळण टाकलं, कपडे वाळत घातले, पुन्हा काढून पुन्हा घातले. पावणेबाराला फोन लावला.

“आई, आज नको गं, आज मरायला वेळ नाहीये.”

“त्या सॉफ्टवेअरचं बिल गेलं का?”

“अकाउंट्सला गेलं तासापूर्वी. का?”

मी एका दमात सांगितलं. साहेब, ड्रॉवर, पत्र, हेरंब.

“हे तुला कधीपासून ठाऊक आहे?”

“मंगळवारपासून.”

“आज शनिवार आहे,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढचं मला तिच्या ऑफिसातल्या धोंडू शिपायानं सांगितलं. सरूनं कधीच सांगितलं नाही. ती जिन्यानं वर अकाउंट्सला गेली. बाहेर रांग होती. ती आत शिरून म्हणाली, माझं बिल परत द्या. तिथला कारकून म्हणाला, “मॅडम, आज लोक बिलं घालायला मारामाऱ्या करतायत आणि तुम्ही काढायला आलात? बरं आहे ना?” बिल परत घ्यायचं तर कारण लिहून द्यावं लागतं. तिनं तिथंच टेबलाच्या कोपऱ्यावर लिहिलं. तुलनातक्ता मी केला. सोळा कोअरची ओळ मी वाचली होती आणि तिचा अर्थ विचारला नाही. दोन्ही दर एका ओळीत धरणं ही माझी चूक आहे, हे मला वीस मार्चपासून माहीत आहे. मग फाईल घेऊन ती चिंतामणी साहेबांपुढं उभी राहिली. साहेब लंगडत आले होते त्या दिवशी. धोंडू म्हणाला, “साहेबांनी वाचलं. लाल पेन्सिल घेतली हातात, आणि परत ठेवली. मग ड्रॉवर उघडून एक कागद काढून ताईंना दिला. ताईंनी तो फाडला.”

ही गोष्ट इथं चांगली संपली असं कुणाला वाटेल. तसं काही झालं नाही. रक्कम सरकारजमा झाली. पैसे न मिळाल्यानं कंपनीनं त्या सोळांचे पासही काढून घेतले आणि यंत्र नुसतं थंड खोलीत उभं राहिलं. हेरंब सोमवारी सरूच्या टेबलाशी येऊन सगळ्यांसमोर ओरडला, “मॅडम, मला विचारायचं तरी! सोळा तर सोळा, काहीतरी चालत होतं. आता काय दाखवू मी वर्षभराचं काम?” त्याचं कंत्राट एका वर्षाऐवजी सहा महिन्यांचंच झालं. साहेब निवृत्त झाले, पण ग्रॅच्युइटी चौकशी संपेपर्यंत थांबली. कमलवहिनींचा मला फोन आला. “चिवडा छान होता हं तुमचा,” एवढं म्हणाल्या आणि ठेवला. मी अजून लालबागला गेलेले नाही. मसाला यंदा दुकानातून आणला.

सरूला मेमो आला. बढती थांबली. चौकशी ऑगस्टमध्ये झाली, दिल्लीहून आलेल्या एका अधिकाऱ्यापुढे. त्यांनी तिला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला: चूक वीस तारखेला कळली, लिहिली एकतीसला, अकरा दिवस काय करत होता? कंपनीशी बोलत होता का?

“काय सांगितलंस?” मी त्या संध्याकाळी विचारलं.

“भीती वाटत होती म्हणून सांगितलं.”

“आणि मी? त्यातले चार दिवस माझे होते. माझं नाव का नाही सांगितलंस?”

ती चप्पल काढत होती. “तुझं नाव सांगितलं की साहेबांचं घर आलं, साहेबांचा ड्रॉवर आला. आणि ते पत्र मी फाडलं, तेही आलं. कुणाकुणाला ओढू?” मग वर बघून म्हणाली, “चार तुझे असतील, पण आधीचे सात माझेच होते ना. तेव्हा तर मला कुणी अडवलं नव्हतं.”

तिला माझा राग आहे का, हे मला अजून कळलेलं नाही. जेवताना बोलते. रेकॉर्डच्या खोलीतल्या गमती सांगते, एकोणसाठ सालच्या एका फाईलमध्ये वाळलेला बोंबील सापडला म्हणाली. पण ऑफिसातली कुठलीही अडचण आता ती घरी आणत नाही. फोन आला की गॅलरीत जाते. पूर्वी माझ्यासमोर बोलायची.

काल तिच्या नावानं पत्र आलं. निर्णयाची प्रत घ्यायला उद्या अकरा वाजता हजर राहा. पगारवाढ कापतील, की खालच्या जागेवर आणतील, की त्याहून काही, ते पत्रात नाही. मी दोनदा वाचलं, मग तिनं माझ्या हातातून घेतलं.

“उद्या मी येते बरोबर,” मी म्हणाले.

ती नाहीच म्हणेल असं मला वाटलं होतं. तिनं पत्राची घडी करून पर्समध्ये ठेवली.

“ये,” ती म्हणाली. “पण खाली बाकावर बसायचं. आत यायचं नाही, आणि माझ्यासाठी कुणाशी एक शब्द बोलायचा नाही.”

मी हो म्हटलं.